दप्तरातली सवाष्ण

दुपारी दोनचा सुमार झाला की वैजनाथ धारूरकर ओट्यावरच्या वेताच्या खुर्चीत येऊन बसत. चपला जोडीनं काढून ठेवत, चष्मा कपाळावर सरकवत आणि आत बघून विचारत, "अंबे, गाडी आली का?"

माणूस जाऊन अडीच वर्षं होत आली, तरी हा नेम काही चुकत नव्हता. अंबिकाबाई मधल्या खोलीत फरशीवर चटई टाकून आडव्या झालेल्या असत. डोळा लागलेला असे, म्हटलं तर नसेही. बारव कॉलनीच्या खालून जुनी नहर, जमिनीखालचा पाण्याचा पाट, जाते म्हणतात. दुपारच्या सामसुमीत फरशीला कान लावला की खाली पाणी चालल्याचा आवाज येतो. खरं-खोटं त्या नहरीला ठाऊक. त्या पाण्याच्या आवाजातून नवऱ्याचा आवाज वर येई, आणि अंबिकाबाई झोपेतच म्हणत, "येतेय हो. निघालीय म्हणाले." मग जाग येई. खुर्ची रिकामी, आणि अंगणात पारिजातकाखाली चिमण्यांचा कलकलाट. त्या उठून चहा टाकत. सवयीनं आधण दोन कपांचं असे.

गाडी म्हणजे कुठली, ते सांगायला हवं. कॉलनीच्या दत्तमंदिरासमोर कडुलिंब आहे. त्या कडुलिंबाखाली आठ वर्षं एक रुग्णवाहिका उभी असायची. घरपट्टीतच एक लहानशी जादा पट्टी होती, तिला सगळे 'तातडी पट्टी' म्हणत. त्यातून गाडी, एक नर्स आणि चालक फकिरा यांचं भागायचं. फकिरा पाचोडचा. बोलायला फटकळ, पण कॉलनीची गल्ली न् गल्ली त्याला तळहातासारखी पाठ. आणि ती पाठ असणं किती मोठी गोष्ट होती, ते कुणाच्या लक्षातच आलं नाही. कारण या कॉलनीत प्लॉट पडले तेव्हा शहाण्या लोकांनी घरं जशी बांधून झाली तसे नंबर घेतले. ज्याचा स्लॅब आधी पडला तो एक, मागून पडला तो दोन. त्यामुळे तीसच्या शेजारी चौऱ्याऐंशी, चौऱ्याऐंशीच्या मागं सात, आणि एकतीस पार तिसऱ्या गल्लीच्या टोकाला. नवा कुरिअरवाला इथं आला की रडकुंडीला येतो. एकशेबारा घरं, पण मोजायला बसलं तर माणूस वेडा होईल.

एकतीस म्हणजे धारूरकरांचं घर.

तर ती तातडी पट्टी काढून टाका, म्हणून रान कुणी पेटवलं असेल? वैजनाथ धारूरकरांनी. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून जन्म गेला, त्यामुळे कागद दिसला की माणसाच्या अंगात यायचं. "फोन केला की सरकारी गाडी फुकट येते, मग दोनदा पैसे कशाला?" हा त्यांचा सवाल. सवाल तसा बिनतोडच होता. त्यांच्या जोडीला शेजारच्या गल्लीतला सुदर्शन, तरणाताठा, प्लॉटिंगचा धंदा, तोंडात साखर. दोघांनी मिळून घरोघर सह्या घेतल्या. सह्यांची बैठक धारूरकरांच्याच ओट्यावर भरायची आणि अंबिकाबाई कढई भरून पोहे करायच्या. शेंगदाणे सढळ हातानं, वर ओलं खोबरं. पोहे खाऊन झाले की माणूस सही करायचाच. मार्चच्या क्षेत्रसभेत, म्हणजे कॉलनीतल्या घरमालकांच्या सभेत, हात मोजले गेले, सगळ्यात आधी वैजनाथांचा हात वर गेला आणि पट्टी उठली. महिन्याभरात गाडी गेली. फकिरा पाचोडला परतला आणि आठवडी बाजाराच्या भाज्या वाहणारा टेम्पो चालवायला लागला.

ऑगस्टात एका सकाळी वैजनाथ आंघोळ करून ओट्यावर येऊन बसले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "अंबे, जरा बरं वाटत नाहीये."

फोन केला. गाडी निघाली. लांबच्या नाक्यावरून यायची, त्यात त्या बिचाऱ्या चालकाचा काय दोष? त्यानं तीस नंबर शोधला, शेजारी एकतीस असेल म्हणून उतरला, तर पाटी चौऱ्याऐंशीची. त्यानं तीनदा फोन केला. अंबिकाबाईंनी तीनदा सांगितलं, आवाज घट्ट करून सांगितलं, की मंदिरावरून वळा, पिठाच्या गिरणीपासून उजवीकडं. तो प्रत्येक वेळी डावीकडच्या गिरणीपाशी जायचा, कारण गिरण्या दोन होत्या. चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत वैजनाथांनी तीनदा विचारलं, "अंबे, गाडी आली का?" आणि तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "येतेय हो." चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

अंबिकाबाईंना राग यायचा. मेलेल्या माणसावर कुणी रागावतं का? पण त्या रागवायच्या. भाकरी थापताना परातीशी बोलायच्या, "घ्या, वाचवले ना पैसे? आता बसा वाचवत." आणि मग त्यांना ते पोहे आठवायचे, आणि राग गिळून त्या पुढची भाकरी थापायला घ्यायच्या. कढई तर आपलीच होती.

यंदा डिसेंबरात मंदिराच्या फळ्यावर नोटीस लागली. तातडी पट्टी परत लावायची का, यावर क्षेत्रसभा बोलावली आहे; जानेवारीचा शेवटचा रविवार, सकाळी दहा. एका घराला एक हात. एकूण घरांपैकी निम्म्याहून एक जास्त, म्हणजे सत्तावन्न हात वर गेले, तर पट्टी लागेल आणि गाडी परत येईल. न आलेला हात नकारातच धरला जाईल.

अंबिकाबाईंनी नोटीस दोनदा वाचली, घरी येऊन दार लावलं आणि मग एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या, "आणायचीच."

दुसऱ्या दिवशी त्या वॉर्ड ऑफिसात गेल्या. तिथं चारुता नावाची मुलगी बसते, चष्मेवाली, बोलायला गोड आणि नियमाला कडक. तिनं घरपट्टीचं दप्तर उघडून दाखवलं आणि म्हणाली, "काकू, एक गोची आहे. हात त्याचाच धरायचा, ज्याचं नाव दप्तरात आहे. आणि तुमच्या कॉलनीत..."

अंबिकाबाईंनी यादीवरून बोट फिरवलं आणि त्यांना हसूच आलं. नानासाहेब चव्हाण: जाऊन अकरा वर्षं. कडूबा शेटे: सात. साळवे मास्तर, कुलकर्णी वकील, पिठाच्या गिरणीवाले अप्पा... एकशेबारातली एकोणपन्नास नावं गेलेल्या माणसांची. घरात नातवंडं नांदतायत, गच्चीवर दुसरा मजला चढलाय, पण पावतीवर अजून आजोबाच. नाव लावून घ्यायला इथं कुणाला सवड होतीय? कुणाचे भाऊ भांडतायत, कुणाला ऑफिसचे हेलपाटे नकोत, आणि बहुतेकांचं एकच: "वडलांचं नाव आहे, राहू द्या की. कुठं खातंय?"

"म्हणजे निम्मी कॉलनी मेलेलीच आहे की गं," अंबिकाबाई म्हणाल्या.

"दप्तरात उलटं आहे काकू," चारुता म्हणाली. "दप्तरात सगळे जिवंत आहेत." आणि तिनं नाव लावून घ्यायच्या अर्जांचा गठ्ठा पुढं ठेवला. अर्ज साधा होता. वर एक ओळ: मूळ मिळकतधारक, हयात / मयत, लागू नसेल ते खोडा. खाली वारसाचं नाव, सही, सोबत मृत्यूचा दाखला.

अंबिकाबाईंचं बोट यादीत एकतीसवर येऊन थांबलं होतं. वैजनाथ दत्तात्रय धारूरकर. त्यांनी बोट उचललं. आपलं काय, शेवटी करता येईल.

गठ्ठा घेऊन आल्या खऱ्या, पण एकोणपन्नास घरी फिरायचं कसं? पुरुषमाणसं दारातच म्हणणार, "बघू की काकू," आणि आपल्याकडं 'बघू की' म्हणजे काय, ते शेंबड्या पोरालाही कळतं. बायकांना गाठायला हवं. आणि जानेवारीत बायका एकाच ठिकाणी सापडतात: हळदीकुंकवाला. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत रोज कुणाकडं ना कुणाकडं.

पण अडीच वर्षांत अंबिकाबाईंना कुणी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं. कुणी वाईट नव्हतं हो. रस्त्यात भेटल्या की तिळगूळ हातावर ठेवायच्या, "काकू, घरी या कधीतरी" म्हणायच्या. त्या कधीतरीमध्ये संक्रांत येत नव्हती एवढंच.

समोरच्या वच्छलाबाईंनी ती कोंडी फोडली. वच्छलाबाई गंगापूरकडच्या, माहेरी-सासरी ऊस, आवाज असा की दोन गल्ल्या जाग्या व्हाव्यात. फाटकातूनच ओरडल्या, "ओ काकू, उद्या आमच्याकडं हळदीकुकू हाय. तुमी यायचं."

"मी कशी गं येऊ?"

"कशी म्हंजे? पायानं. चार पावलं तर हायती."

गेल्या. कारण गठ्ठा होता, आणि कारण कुणीतरी बोलावलं होतं. वाण म्हणून त्यांनी शहागंजच्या बाजारातून पेनांचे दोन डबे आणले होते. बायकांना वाटलं म्हातारीची गंमत, कुणी प्लास्टिकचे डबे देतं, कुणी चाळणी देतं, ही पेन देतेय. वच्छलाबाई करंडा घेऊन ओळीनं कुंकू लावत आल्या आणि अंबिकाबाईंच्या पुढं आल्यावर कोपऱ्यातून साळूबाई खाकरल्या. साळूबाई सगळ्यांत वडीलधाऱ्या, रीतीभातीच्या. "वच्छे," त्या म्हणाल्या, "जरा बघून."

वच्छलाबाईंचं बोट कुंकवात बुडालेलं, तसंच हवेत राहिलं.

अंबिकाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "साळूबाई, दप्तर बघून या. घरपट्टीच्या दप्तरात नवरा जिवंत आहे माझा. सरकार म्हणतंय सवाष्ण, तुम्ही कोण नाही म्हणणार?"

असा हशा फुटला की साळूबाईंच्याही डोळ्यांत पाणी आलं. वच्छलाबाईंनी चांगलं ठसठशीत बोट टेकवलं. "सरकारी कुकू हाय बरं का काकू, पुसायचं नाय." त्या हशातच अंबिकाबाईंनी गठ्ठा सोडला आणि सगळं सांगितलं, गाडीचं, हातांचं, दप्तरातल्या जिवंत माणसांचं. वाणाच्या पेनांची टोपणं निघाली.

"इथं हयात खोडा," अंबिकाबाई एकेकीला दाखवत होत्या. "खोडलं की झालं. मयत तसंच राहू द्या."

रूपा, साळवे मास्तरांची सून, पेन धरून नुसती बसली. तिच्या नवऱ्याच्या सहीसाठी अर्ज घरी न्यायचाच होता, पण काट आत्ता मारते म्हणाली आणि हात पुढं जाईना. "काकू, माझ्या हातानं मामंजींवर काट मारायची?"

"त्यांच्यावर कुठं गं? एका शब्दावर. लागू नाही तो खोडायचा, बस."

सोप्पं आहे, असं त्या म्हणाल्या. पंचवीस ठिकाणी, तीस ठिकाणी म्हणाल्या. रथसप्तमीपर्यंत त्या रोज नव्या घरी गेल्या. आता बोलावणी आपसूक येत होती. भावाभावांत बसून त्यांनी दोन भांडणं मिटवली आणि एक नव्यानं लावलंही. वच्छलाबाईंनी नानासाहेबांचं नाव बदलताना अर्जाला हात जोडले, म्हणाल्या, "मामंजी, सपनात काठी घेऊन येऊ नका. गाडीसाठी करतेय."

आणि रोज दुपारी घरी येऊन अंबिकाबाई कुंकू न पुसता आडव्या होत. दोन वाजता ते येत. चपला काढत. एक दिवस त्यांनी आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "अरे वा. आज कुठं स्वारी?" अंबिकाबाईंना झोपेतही लाज वाटली, नवी नवरी असल्यासारखी. खालून पाणी वाहत होतं. "गाडी आली का?" त्यांनी विचारलं. "येतेय हो," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच ते खोटं वाटलं नाही.

सभेच्या आदल्या दिवशी अठ्ठेचाळीस अर्ज वॉर्ड ऑफिसात पोचले होते. एकोणपन्नासावा त्यांच्या पिशवीत होता, दाखला जोडून, सगळं भरून. फक्त सही नाही आणि काट नाही. चारुता म्हणाली, "काकू, तुमचा?" त्या म्हणाल्या, "देते गं, उद्या." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

त्या दुपारी त्यांना वेगळंच दिसलं. दत्तमंदिराच्या मंडपात सतरंजी अंथरली होती आणि सगळे बसले होते. नानासाहेब काठीवर हनुवटी टेकून, कडूबा शेटे टोपीनं वारा घेत, साळवे मास्तर, कुलकर्णी वकील, गिरणीवाले अप्पा, भुवयांवर पिठाची भुकटी तशीच. कुणाचा कुणाशी वाद नाही, घाई नाही. फक्त सगळे अवघडलेले, बस चुकलेल्या माणसांसारखे. "हात वर जाईना आमचा, अंबिकाबाई," मास्तर म्हणाले. "आणि उठूनही जाता येईना. नाव धरून ठेवलंय ना." मग कुठूनतरी पेनाचा आवाज आला, कागदावर काट मारल्याचा. नानासाहेब उठले, धोतर झटकलं, अंबिकाबाईंकडं बघून मान हलवली आणि कॉलनीला जिचं नाव पडलं त्या जुन्या बारवेच्या पायऱ्या उतरून खाली पाण्याकडं निघून गेले. मागोमाग कडूबा. मग मास्तर. एकेक काट, एकेक माणूस. कुणीही रडलं नाही. उलट अप्पा तर शीळ घालत गेले. शेवटी सतरंजीवर एकटे वैजनाथ उरले, शेजारी चपला जोडीनं.

"सगळे गेले," ते म्हणाले. "मला कुणी सोडेना अंबे."

"तुम्हाला कसं सोडू?" अंबिकाबाई म्हणाल्या आणि जाग आली. गाल ओले होते. चार वाजून गेले होते.

रविवारी मंडप भरला. चारुता टेबलाशी दप्तर उघडून बसली होती. तिनं सांगून टाकलं, की दप्तर बारा वाजता बंद होईल. तोवर अर्ज आला तरी घेईन. पाचोडहून फकिराही आला होता, त्याला मत नव्हतं तरी. मंडपाबाहेर कडुलिंबाच्या पारावर बसून राहिला.

आधी सुदर्शन बोलला. छान बोलला, त्याला येतंच. "मंडळी, सरकारी गाडी आहे. दवाखाने आहेत. प्रत्येकाच्या दारात कार आहे. मग पट्टी कशाला? हे माझं नाही, आपल्या वैजनाथकाकांचं म्हणणं होतं. आणि काकू मला माफ करा, पण दप्तरात आजही काकांचा हात वर आहे. विरोधात."

मंडपात चुळबुळ झाली. वच्छलाबाई उठून काहीतरी तिखट बोलणार होत्या. अंबिकाबाईंनी त्यांना हातानं बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या. भाषण लिहून आणलं होतं. कागद पिशवीतच राहिला.

"सुदर्शन खरं बोलला," त्या म्हणाल्या. "सह्या माझ्या ओट्यावर झाल्या. पोहे मी केले होते. तुमच्यातल्या कितीजणांनी खाल्ले, आठवा. मला बरं वाटायचं, घरात माणसं यायची. मी विचारसुद्धा केला नाही. पाच महिन्यांनी त्याच ओट्यावर आम्ही दोघं चाळीस मिनिटं बसून होतो. गाडीवाला चांगला होता हो. तो शोधत होता. पण आपण नंबरच असे टाकलेत की देवालासुद्धा आपलं घर सापडू नये. फकिराला सापडायचं. ह्यांची चूक झाली. हुशार माणसाची झाली म्हणून ती चूक नाही असं होत नाही. माझीही झाली. मला ती माझ्या जिवंतपणी निस्तरायचीय, तुम्ही हात द्या. दुसऱ्या कुठल्या ओट्यावर कुणी असं बसू नये. बस्स, एवढंच."

खाली बसताना गुडघा करकरला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. साळूबाईंनी मात्र पदराला डोळे पुसले.

चारुता नावं घ्यायला लागली. एक: हात वर. दोन: नाही. तीन: वर. नवी नावं ऐकताना घरची माणसं जरा बिचकत होती, पहिल्यांदाच आपल्या नावानं हाक आल्यासारखी. वच्छलाबाईंचं नाव आलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले, चारुता म्हणाली, "काकू, एकच." एकतीस आलं. "वैजनाथ दत्तात्रय धारूरकर," ती हळू आवाजात म्हणाली. तिनं पेन्सिलनं खूण केली आणि पुढं गेली.

एकशेबारा संपले. तिनं दोनदा मोजलं. "होकार छप्पन्न," ती म्हणाली. "विरोध पन्नास. पाच घरं आलेली नाहीत. एकतीस नंबर बाकी."

म्हणजे एकच हात. बारा वाजायला सहा मिनिटं होती.

सगळा मंडप एकतीस नंबरकडं बघत होता. मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, काकू समोरच आहेत, धरा की हात." चारुतानं मान हलवली. नियम तो नियम. आणि सुदर्शनही, खरं सांगायचं तर, खाली बघत होता.

अंबिकाबाई उठून टेबलापाशी गेल्या. पिशवीतून अर्ज काढला. पेनही वाणाचंच होतं, एक उरलेलं. मूळ मिळकतधारक: वैजनाथ दत्तात्रय धारूरकर. हयात / मयत.

काय होतं त्यात? एक शब्द. अठ्ठेचाळीस ठिकाणी त्यांनी सांगितलं होतं, खोडा की. पण जगात आता एवढी एकच जागा उरली होती जिथं तो माणूस जिवंत होता. स्मशानातून आल्यावर बांगड्या दुसऱ्यांनी उतरवल्या होत्या, दाखला मंदारनं, त्यांच्या मुलानं, पुण्याहून येऊन आणला होता. त्यांच्या स्वतःच्या हातानं त्यांनी काहीच केलं नव्हतं. कपाळावर परवाचं कुंकू होतं, वच्छलाबाईंनी लावलेलं, फिकट झालेलं. ही काट मारली की ते खोटं होणार होतं.

पेन टेकलं आणि तिथंच थांबलं. मंडपाच्या फरशीखालूनही पाणी वाहत असावं. त्यांना ऐकू आलं. आणि सतरंजीवर एकटेच बसलेले ते दिसले, चपला जोडीनं, कितीतरी वेळ वाट बघत असलेले. वाट बघायची त्या माणसाला कधी सवय नव्हती. रेशनच्या रांगेत सुद्धा चिडायचे.

"जा हो आता," अंबिकाबाई पुटपुटल्या. "किती बसवू तुम्हाला?"

त्यांनी काट मारली. सरळ आली नाही, जरा खाली घसरली. खाली सही केली.

चारुतानं अर्ज घेतला, दाखला पाहिला, शिक्का मारला. मग उभी राहिली. बाकी एकशे अकरा नावं तिनं बसूनच घेतली होती. "एकतीस," ती म्हणाली. "अंबिका वैजनाथ धारूरकर."

अंबिकाबाईंनी हात वर केला. खांदा दुखत होता तरी चांगला सरळ वर केला, आणि चारुतानं लिहून होईपर्यंत खाली घेतला नाही.

आरडाओरडा झाला तो बाहेर फकिरानं ऐकला. तो धावत आत आला आणि म्हणाला, "काकू, आता घाबरायचं नाय. म्या हाय." वच्छलाबाई रडत होत्या आणि रडताना सुदर्शनला शिव्या घालत होत्या. सुदर्शननं त्या खाल्ल्या. जाताना तो अंबिकाबाईंच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला आणि घरी पोहे खायला ये म्हणाल्या.

वच्छलाबाईंनी त्यांना घरापर्यंत सोडलं. फाटकाशी त्यांचं लक्ष कपाळाकडं गेलं. "पुसू नका काकू," त्या म्हणाल्या. "सरकार गेलं खड्ड्यात. पुढल्या साली म्या लावनार. कोन काय म्हनतंय बघतेच."

गाडी यायला मार्च उजाडला. नवी कोरी नव्हती, पण धुऊन-पुसून आणली होती. फकिरानं ती कडुलिंबाखाली जुन्याच जागी लावली आणि एकदाच, अगदी बारीक, भोंगा वाजवला. तिसऱ्या गल्लीच्या टोकाला तो ऐकू आला. अंबिकाबाई तेव्हा चटईवर होत्या. दोन वाजले होते.

ओट्यावर चपला काढल्याचा आवाज झाला. "अंबे," वैजनाथांनी विचारलं, "गाडी आली का?"

"आली हो," अंबिकाबाई म्हणाल्या. "आली. कडुलिंबाखाली उभी आहे. फकिरा आहे सोबत."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि जरा वेळ मंदिराच्या दिशेनं बघितलं. "बरं झालं," म्हणाले. चपला परत पायांत सरकवल्या. "मग निघतो मी. तू पड जरा." फाटकाची कडी वाजली, नेहमीसारखी, सावकाश.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. अंबिकाबाईंनी चहाचं आधण ठेवलं, एकाच कपाचं. पिऊन झाल्यावर वेताची खुर्ची उचलली, तिची धूळ पदरानं झटकली आणि दोनदा टेकत, दम खात, ती कडुलिंबापर्यंत नेली. फकिरा दगडावर बसला होता.

"घे," त्या म्हणाल्या. "दिवसभर थांबायचं तर बसायला नीट हवं."